कॅरमबोर्ड जंक्शन

रुळांना लागून राहणाऱ्या माणसाला घड्याळ लागत नाही, असं आमचे अण्णा म्हणतात. अण्णा पश्चिम रेल्वेच्या लोकलवर गार्ड होते. २००६ साली निवृत्त झाले, पण ते फक्त रेल्वेच्या कागदोपत्री. जोगेश्वरी पूर्वेला आमचं घर रुळांच्या इतकं जवळ आहे की गाडी गेली की कपाटातल्या बरण्या एकमेकींशी बोलतात. पाहुणे पहिल्या रात्री झोपत नाहीत, दुसऱ्या रात्री उशी डोक्यावर घेऊन पडतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांना घरची आठवण येते. ही सोय प्रत्येक मध्यमवर्गीय घरात असावी.

आमच्याकडे कोणतंही वाक्य सलग बोलता येत नाही. गाडी येते, माणूस थांबतो, गाडी जाते, माणूस पुढचा शब्द उचलतो. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या मामांनी मला पगार विचारला, मी सांगितला आणि नेमकी त्याच क्षणी विरार फास्ट गेली. मामांना कोणता आकडा ऐकू आला हे मला आजतागायत माहीत नाही. लग्न मात्र झालं.

अशा या घरात २२ मार्च २०२० च्या रात्री गाड्या थांबल्या.

वाचकहो, लॉकडाऊनचं वर्णन मी करत बसत नाही. ते तुम्हीही भोगलेलं आहे. पण आमच्याकडचा प्रकार निराळा होता. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी गेली. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. एवढ्या काळात या रुळांनी पूर पाहिले, संप पाहिले, दंगली पाहिल्या. पण गाड्या आज थांबल्या तरी उद्या-परवा निघतील एवढा भरवसा असायचा. आता एखादी मालगाडी सोडली तर काही नाही. पहाटे पक्ष्यांचा आवाज यायला लागला. सौ. म्हणाली, "अहो, कोकिळा!" मी म्हटलं, "वा!" अण्णा काहीच बोलले नाहीत. ते पहाटे चारला उठून खिडकीशी बसले होते.

पाचव्या दिवशी लक्षात आलं की अण्णा रक्तदाबाची गोळी घेत नाहीयेत. विचारलं तर म्हणाले, "गाडी कुठं गेली अजून?" त्यांची सकाळची गोळी एका ठरावीक बोरिवली स्लोबरोबर असायची, चहा दुसऱ्या गाडीबरोबर, आंघोळ तिसऱ्या. ही गोष्ट चाळीस वर्षांत घरात कुणाला ठाऊक नव्हती. भिंतीवर घड्याळ होतं, पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस नवीन घड्याळ शिकत नाही. हळूहळू जेवण कमी झालं. बोलणं कमी झालं. डॉक्टर फोनवर म्हणाले, "त्यांना कशात तरी गुंतवा." मी त्यांना बँकेच्या गोष्टी सांगितल्या, तर ते झोपले.

बँक आमची चालू होती. अत्यावश्यक सेवा! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला अत्यावश्यक म्हणालं आणि तेही सरकारनं, म्हणजे लेखी. जोगेश्वरीहून अंधेरीच्या शाखेत मी पायी जात असे. एका गृहस्थांनी भरणा करायला आणलेल्या नोटा साबणानं धुऊन दोरीवर वाळवल्या होत्या. प्रत्येक नोटेवर चिमट्याची खूण होती. असा दिवस काढून घरी यावं, दाराबाहेर चपला काढाव्यात, आंघोळ करावी, आणि समोर अण्णा खिडकीतून रिकामे रूळ बघत बसलेले.

एक दिवस माळ्यावर काहीतरी शोधताना चिरंजीवांच्या वाढदिवसाला आलेला खेळण्यातल्या गाडीचा खोका सापडला. प्लॅस्टिकचे रूळ जोडले की एक गोल होतो, त्यावर एक इंजिन आणि तीन डबे, बटण इंजिनाच्या टपावर. सेल मेलेले. दुकानं बंद. मी टीव्हीच्या रिमोटमधले दोन सेल काढले. हा माझा निर्णय तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, पण वेळ चुकली. दूरदर्शननं २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली होती आणि सकाळचे नऊ वाजत आले होते. त्या दिवशी वनवास कुणाला घडला हे मी सांगत नाही.

पण गाडी धावली. घर्रर्र करत गोल फिरायला लागली. अण्णांनी खिडकीतून मान वळवली. मिनिटभर बघितलं आणि आठवडाभरानंतर पहिलं पूर्ण वाक्य बोलले :

"घंटी न देता गाडी सोडतोस? नोकरी जाईल."

लोकलमध्ये गार्ड मोटरमनला दोन घंट्या देतो, मग गाडी सुटते. एक घंटी म्हणजे थांब. अण्णांनी स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणि चमचा मागवला, पेल्यावर दोनदा वाजवलं, टिंग टिंग, आणि म्हणाले, "आता सोड." मी सोडली.

इथून आमच्या घरात रेल्वेचा कारभार सुरू झाला. माळ्यावरचा कॅरमबोर्ड खाली आला, कारण फरशी सपाट नाही असा अण्णांचा अभिप्राय पडला. गाडी घसरली की थेट पॉकेटमध्ये जाई, त्यामुळे चार कोपऱ्यांत चार दऱ्या आयत्याच मिळाल्या. औषधांच्या खोक्यांची स्टेशनं झाली. कुल्फीच्या काड्यांचे सिग्नल उभे राहिले. चिरंजीवांची ऑनलाइन शाळा सुरू असताना ते कॅमेऱ्यात चेहरा दाखवून हातानं फाटक उघडझाप करत.

मी बी.कॉम. माणूस. मला कुठलाही उद्योग जमाखर्चाशिवाय करता येत नाही. लोकांनी खेळण्यातल्या गाड्यांवर वेळ आणि पैसा का घालवला असेल, याचा मी रात्री बसून शोध घेऊ लागलो, आणि असं दिसलं की या छंदाचं खातं वाईट दिवसांतच भरतं.

जर्मनीतली मेर्कलिन ही या धंद्यातली थोरली पेढी. तिची सुरुवात १८५९ साली झाली ती पत्र्याच्या भातुकलीपासून! बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातली छोटी भांडी हा तिचा माल. १८६६ साली मालक वारले. त्यांच्या पत्नी कॅरोलिनबाईंनी पुढची वीसेक वर्षं धंदा ओढला, आणि मग मुलांच्या हाती दिला. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत या मुलांनी चावीची गाडी मांडली. तिची खुबी अशी की रुळांची मापं ठरवून दिलेली होती; आज एक गोल घ्या, पुढच्या वर्षी दोन सांधे घ्या, त्याच्या पुढच्या वर्षी स्टेशन. म्हणजे एकदा गिऱ्हाईक झालेला बाप जन्मभर हप्ते भरत राहणार. आमच्या बँकेच्या आवर्ती ठेवीला हे डोकं असतं तर!

विलायतेत फ्रँक हॉर्नबी नावाच्या गृहस्थांनी १९०१ साली मेकॅनोचं पेटंट घेतलं आणि पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९२० साली, हॉर्नबी गाड्या बाजारात आणल्या. दुसऱ्या महायुद्धात धातू बंदुकांकडे गेला आणि गाड्या बंद पडल्या. तिकडे अमेरिकेत १९३४ च्या मंदीत लायनेल ही कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली होती. तिनं एक डॉलरची एक ट्रॉली काढली : गँगमन हातानं पंप मारत चालवतात तसली, आणि पंप मारणारे कोण, तर मिकी आणि मिनी हे उंदीर. अडीच लाखांच्या घरात विकली गेली म्हणतात. कंपनी सावरली ती एकट्या उंदरांमुळे नव्हे, हिशेबनिसांनीही घाम गाळला. पण श्रेय उंदरांना मिळालं. बँकेतही निराळं काही होत नाही.

आणि पाद्री ऑड्री. १९४२-४३ च्या सुमारास, युद्ध ऐन भरात असताना, त्यांचा छोटा मुलगा ख्रिस्तोफर गोवरानं आजारी पडला. अंधाऱ्या खोलीत पडलेल्या पोराला बाप इंजिनांच्या गोष्टी सांगू लागला. खेळणी मिळत नव्हती, म्हणून त्यानं झाडूच्या दांड्यातून आणि लाकडाच्या तुकड्यांतून एक इंजिन केलं. तेच ते थॉमस नावाचं निळं इंजिन, जे आमच्या चिरंजीवांच्या डब्यावर, बाटलीवर आणि दप्तरावर आहे. हे वाचल्यावर मी घरच्या झाडूकडे बघितलं. सौ.नं माझ्याकडे बघितलं. मी विषय सोडून दिला.

पण या सगळ्यांहून मला जवळची वाटली ती आपल्या ग्वाल्हेरच्या शिंद्यांची गाडी. माधवराव शिंद्यांना रेल्वेचं जबर वेड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी विलायतेतल्या बॅसेट-लोक या कंपनीकडून चांदीची गाडी करवून घेतली. जयविलास राजवाड्यातल्या मेजवानीच्या टेबलावर तिचे रूळ. डब्यांवर एकेक इंग्रजी अक्षर, सगळी मिळून 'शिंदे' हे नाव. डब्यांतून ब्रँडी आणि चिरूट पाहुण्यांपुढून फिरत. पाहुण्यानं बाटली उचलली की गाडी थांबे. ठेवली की चालू. ती गाडी अजून राजवाड्यात बघायला मिळते. ग्वाल्हेर संस्थानात खरी छोटी गाडीही होती, दोन फुटी रुळांची, श्योपूरपर्यंत दोनशे किलोमीटर. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊनसाठी थांबली ती कायमचीच; पुढे रूळ रुंद करायचं काम निघालं.

हे मी अण्णांना वाचून दाखवलं. अण्णांनी विचार केला आणि म्हणाले, "आपल्या गाडीत काय ठेवायचं?"

सौ.नं शेवटच्या डब्यात रक्तदाबाची गोळी ठेवली.

ग्वाल्हेरच्या गाडीत ब्रँडी, जोगेश्वरीच्या गाडीत ब्लडप्रेशर! आमची गाडी गोळी उचलल्यावर आपोआप थांबत नसे, त्यामुळे तिला गार्ड लागे, आणि गार्डला वेळापत्रक. माझ्या बँकेच्या जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर अण्णांनी ते स्वतः लिहून काढलं. सकाळी सहा चौदाला गोळी. सात दोनला चहा. साडेबाराला जेवण, फलाटावर दहा सेकंद थांबा. ज्या माणसाला आम्ही आठ दिवस 'अण्णा, दोन घास खा' म्हणून विनवत होतो, तो आता बारा एकतीसला विचारू लागला, "गाडी आली, पान कुठं आहे?"

छंद म्हटला की हाव आलीच. मला वाटलं, साधी गोल फिरणारी गाडी काय, आपली लोकलच करू. बारा डब्यांची! जगात जास्तीत जास्त चालतं ते माप एचओ, म्हणजे मूळ वस्तूचा सत्याऐंशीवा भाग, आणि त्याचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद. मी हिशेब मांडला. बारा डब्यांची लोकल जवळजवळ अडीचशे मीटर लांब; भागिले सत्याऐंशी, म्हणजे तीन मीटरच्या आत-बाहेर. आमचा हॉल दहा बाय बारा. गाडी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत बरोबर बसली असती, फक्त तिला हलायला जागा राहिली नसती. म्हणजे सकाळी नऊच्या अंधेरीचा हुबेहूब नमुना!

अण्णांचा आक्षेप वेगळाच होता. "आपला रूळ ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. भाग सत्याऐंशीनं." मी भागलं. एकोणीस मिलिमीटरच्या वर आलं. "आणि तू साडेसोळाच्या रुळावर आमची गाडी घालणार? हे विलायती माप झालं. गाडी पुण्याला पाहिलीस ना?"

पाहिली होती. ताई लग्न होऊन कोथरूडला गेली, आणि १९९८ साली तिच्या घरापासून जवळच, कर्वे रस्त्यावर, भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू झालं. दुसऱ्या वर्षी दिवाळीत आम्ही गेलो. मी तेव्हा कॉलेजात होतो. एका खोलीत अख्खं शहर : स्टेशनं, सिग्नल, पूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, आणि मधून वाफेच्या, विजेच्या, नाना तऱ्हेच्या गाड्या, एकमेकींना वाट देत. दिवे मालवून रात्र केली की घराघरांत दिवे लागत. ज्या काळात या माणसानं हा नाद लावून घेतला तो काळ आठवा. परदेशी चलन औषधालासुद्धा मोजून मिळायचं. परदेशी खेळणं उघडपणे मागवणं जवळजवळ अशक्य. त्या दिवसांत वर्षानुवर्षं खपून ज्यांनी गाड्या जमवल्या, जोडल्या, चालवल्या, त्यांच्या पायावर डोकं ठेवावं.

खेळ संपला, मुलं ओरडत बाहेर पडली, आणि अण्णा तिथंच उभे. मला वाटलं काहीतरी चूक काढणार. रेल्वेतला माणूस! पण ते एवढंच म्हणाले, "सगळ्या वेळेवर आहेत." एवढी स्तुती त्यांनी माझ्या बी.कॉम.च्या निकालाचीही केली नव्हती. अर्थात निकाल तसाच होता.

आणि मग, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, ताईचा व्हिडिओ कॉल आला. कॅरमबोर्ड बघून ती म्हणाली, "अय्या, अण्णा पुन्हा गाडी करायला लागले?"

पुन्हा?

"म्हणजे काय! माझी काडेपेट्यांची गाडी होती ना. शर्टाच्या बटणांची चाकं होती."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा सिग्नलची काडी सरळ करत होते. बऱ्याच वेळानं बोलले. १९७४ चा संप. ८ मेपासून २७ मेपर्यंत देशभरचे रेल्वे कामगार संपावर होते. जॉर्ज फर्नांडिस तर संप सुरू व्हायच्या आधीच आत होते. हजारोंना पकडलं, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. अण्णा तेव्हा यार्डात नोकरीला, वय अठ्ठावीस, घरात दोन वर्षांची पोर, पगार बंद. पोलीस येतील म्हणून ते लालबागला एका नातेवाइकांच्या माळ्यावर जाऊन राहिले. उभं राहता येत नव्हतं, खाली उतरायचं ते रात्री. नोकरी राहते की जाते ठाऊक नव्हतं. "दिवस जाईना," अण्णा म्हणाले. "तिथं काडेपेट्या पडल्या होत्या. सुतळी होती. केली गाडी."

म्हणजे सगळ्या देशातल्या गाड्या बंद पाडून हा माणूस माळ्यावर पालथा पडून एक गाडी चालवत होता! मी हसलो. अण्णाही हसले. मग म्हणाले, "एक तरी वेळेवर हवी होती रे."

मी इतके दिवस जमाखर्च मांडत होतो, त्याची बेरीज मला तिथं मिळाली. मला वाटायचं, वाईट दिवस विसरायला माणसं असले उद्योग करतात. तसं नसावं. विसरायचंच असेल तर पत्ते आहेत, झोप आहे. खेळण्यातल्या गाडीला वेळापत्रक लागतं, सांधा नीट बसावा लागतो, घंटी द्यावी लागते. बाहेरचं काहीच आपल्या हातात राहिलं नाही की माणूस कॅरमबोर्डएवढ्या जागेत शिस्त राखून ठेवतो, बाहेरचं पुन्हा सुरू होईल तेव्हा सवय मोडलेली नसावी म्हणून. हॉर्नबी कंपनीनंसुद्धा, बरीच वर्षं तोटा दाखवल्यावर, मार्च २०२१ अखेरच्या वर्षात नफा दाखवला. जगभरचे अण्णा घरी बसले होते ना!

१५ जून २०२० ची सकाळ. सहा चौदाची गाडी सुटायची होती. मी बटणावर बोट ठेवून तयार, सौ. गोळी ठेवून तयार, अण्णांचा चमचा पेल्यावर. आणि कपाटातली बरणी वाजली.

आधी एक, मग दुसरी. मग तो आवाज आला. अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी लोकल सुरू झाल्या होत्या. आम्हा राष्ट्रीयीकृत बँकवाल्यांना पुढे जुलैत परवानगी मिळाली. चिरंजीव खिडकीकडे धावले. सौ.नं डोळ्यांना पदर लावला आणि कांद्याचं नाव सांगितलं; सकाळी सव्वासहाला कोण कांदा चिरतं? अण्णा उठले नाहीत. आवाज पूर्ण जाईपर्यंत ऐकलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग डायरीकडे बघितलं, बोटांवर मोजलं आणि फलाटावरच्या बाईच्या सुरात म्हणाले :

"चौऱ्याऐंशी दिवस उशिराने धावत आहे. प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

आणि गोळी घेतली.

पुढे सगळं सुरळीत झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये लशीचे दोन डोस घेतलेल्या सगळ्यांनाच लोकल खुली झाली आणि मी पुन्हा इतरांच्या कोपरांमध्ये माझी हक्काची जागा मिळवली. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेनं एक फतवा काढला : यापुढे गार्ड म्हणायचं नाही, ट्रेन मॅनेजर म्हणायचं. पेपरातली ती बातमी अण्णांनी मला दोनदा वाचून दाखवली आणि चष्मा काढून म्हणाले, "इतकी वर्षं बँकेत घासून तू क्लार्कचा क्लार्क. आणि मी बघ. घरी बसून मॅनेजर झालो!"

कॅरमबोर्ड अजून माळ्यावर गेलेला नाही. रविवारी सकाळी गाडी असते. सेल आता वेगळे आणतो, रिमोटला हात लावत नाही. ताईनं पुण्याहून काडेपेट्यांचा एक डबा पाठवला आहे. जपून ठेवला होता म्हणे. एक बटण पडलंय, पण तो मालगाडीचा डबा म्हणून चालतो. परवा घाईत मी इंजिनाच्या टपावर बोट ठेवलं, तर आतल्या खोलीतून, झोपेतून उठून, आवाज आला :

"घंटी कुठं झाली?"